रात्री खिडक्या लावणारं ऑफिस

आमचं ऑफिस सोलापुरात, होटगी रोडला. इमारत नवी, तोंड पश्चिमेला, आणि त्या अख्ख्या बाजूला वरपासून खालपर्यंत निळी काच. इमारतीच्या अशा दर्शनी रूपाला एलिव्हेशन म्हणतात. उद्घाटनाला सगळे म्हणाले, पुण्यासारखं वाटतंय! मेमध्ये दुपारी चारला काचेजवळच्या टेबलांवर कुणी बसत नाही. एसी १८ वर, आणि लाईट गेली की दहा मिनिटांत सगळे जिन्यात.

कुठं चुकलं ते कळायला आर्किटेक्ट असावं लागत नाही. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळपास लागतच नाही. मार खातो तो स्लॅब, आणि दुपार कलली की पश्चिम. ते ऊन आडवं येतं, छज्जा कितीही पुढं काढा, खालून आत शिरतंच. त्या बाजूला जिना, संडास, रेकॉर्ड रूम टाकावी, भिंत जाड ठेवावी. आमच्याकडं तिथं साहेबांची केबिन आहे. व्ह्यूसाठी म्हणे. समोर टायरचं दुकान आहे.

माझं आजोळ मंद्रूपचं. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, हातभर जाड मातीच्या भिंती. दुपारी आत गारवा, पण रात्री तेच घर कोंदट व्हायचं. जुन्या घरांचे गोडवे गाणारे हे सोयीनं विसरतात. भिंतीनं दिवसभर प्यालेलं ऊन रात्री बाहेर पडतं, म्हणून तर आम्ही सगळे माळवदावर झोपायचो. ऑफिसात मात्र रात्री कुणी नसतंच! मग रात्रभर वारा खेळवा, भिंती आणि स्लॅब निववून घ्या, सकाळी नऊला खिडक्या लावा. आम्ही बरोबर उलटं करतो.

झिम्बाब्वेची राजधानी हरारे, तिथलं ईस्टगेट सेंटर (१९९६) याच तत्त्वावर चालतं. रात्रीची गार हवा पंख्यांनी इमारतीत फिरवतात. पण हरारे दीड हजार मीटर उंचावर, सोलापूर साडेचारशेवर. आपली मेची रात्र तेवढी गार नसते, त्यामुळं जशीच्या तशी नक्कल चालायची नाही. अहमदाबादजवळच्या टोरंट रिसर्च सेंटरात मनोऱ्यांच्या वरच्या तोंडाशी पाण्याचे बारीक तुषार सोडायची सोय केली. कोरडी हवा गार आणि जड होऊन आपोआप खाली उतरते. आपला उन्हाळाही कोरडाच. पण जिथं नळाला रोज पाणी येत नाही, तिथं हे तुषार कुणाच्या घागरीतले?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. स्लॅबला पांढरा रंग, पश्चिम बंद, रात्रीचा वारा, दिवसा पंखे. एवढं करून मेच्या चार दुपारी एसी लागला तर लावा, माझी ना नाही.

मागच्या आठवड्यात वॉचमन मामांना म्हटलं, "मामा, रात्री खिडक्या उघड्या ठेवा की." अख्ख्या मजल्यावर उघडणाऱ्या खिडक्या मोजून सहा. मामा म्हणाले, "सर, चोर शिरला तर माझी नोकरी जाईल." खरंय त्यांचं. मग खिडक्यांना लोखंडी जाळी बसवा म्हणून वर अर्ज दिला.

उत्तर आलं : जाळीनं एलिव्हेशन बिघडतं.