कुरण आणि त्याच्या पोटातलं सामान

माजलेलं कुरण ट्रॅक्टरने कापायचं म्हणजे काय, "ट्रॅक्टरवर बसून तर राहायचंय," असं आमचे मामा म्हणतात. मामांनी आयुष्यातली बहुतेक कामं बसूनच केली आहेत, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द मोडवत नाही.

कागदावर तरी मामांचं खरंच आहे. एक एकर म्हणजे साधारण 4,047 चौरस मीटर. ट्रॅक्टरमागचा रोटरी कटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी गवत-झुडपं तोडणारं यंत्र, दीड मीटर रुंद. भागाकार केला की एकरामागे 2.7 किलोमीटर येतात, दहा एकरांना 27. पण हे गणित ज्याचे पट्टे एकमेकांना नुसते चाटून जातात, अशा देवमाणसाचं. आपल्यासारख्याला दर फेरीला वीतभर आधीच्या पट्ट्यावर चढावंच लागतं, नाहीतर मधे गवताची शेंडी उरते आणि येणारा-जाणारा नेमका तिच्याकडेच बोट दाखवतो. त्यामुळे बेरीज तिशी ओलांडते. रान माजलेलं असेल तर वेग ताशी चार किलोमीटर, म्हणजे पायी चालण्याचाच. त्यात यंत्र मागे आणि वाट पुढे, त्यामुळे मान सतत आळीपाळीने दोन्हीकडे. संध्याकाळी कुणी नाव घेऊन हाक मारली तर मी अख्खा वळतो.

आणि गवत हा या कामातला सर्वांत गरीब घटक आहे. ते बिचारं कापून घेतं. खरा प्रश्न गवताच्या आत काय आहे हा. आधीच्या पिढ्यांनी "इथेच तर ठेवलं होतं" म्हणून जे जे शोधणं सोडून दिलं, ते सगळं कुरणात असतं. कुंपणाची तार, पाण्याची नळी, नांगराचा फाळ, कापलेल्या झाडाचे खुंट. म्हणून आधी रान पायी फिरून घ्यावं आणि संशयाच्या जागी काठीला लाल फडकं बांधून ठेवावं, असं जाणकार सांगतात. मी तसंच करतो. फक्त गवत छातीएवढं आणि काठ्या कमरेएवढ्या असल्या, की ट्रॅक्टरवर बसल्यावर खुंटाबरोबर काठीही शोधावी लागते.

खुंट सापडतो तो आवाजाने. एक 'ठण्ण', मग इंजिन चालू पण मागे सगळं शांत. याचा अर्थ शिअर बोल्ट तुटला. हा मुद्दाम मऊ धातूचा केलेला बोल्ट. दणका बसला की गिअरबॉक्सऐवजी याने मरायचं, एवढीच त्याची नोकरी. दर वर्षी कुणीतरी हुशार माणूस भेटतो आणि म्हणतो, "सारखा तुटतो तर जरा कडक बोल्ट घाला ना!" घालतात काही जण. मग बोल्ट शाबूत राहतो आणि गिअरबॉक्स हुतात्मा होतो. माझ्या खिशात सुट्ट्या पैशांपेक्षा बोल्ट जास्त असतात.

तार मात्र आवाज करत नाही. ती गुपचूप पात्यांच्या दांड्याला गुंडाळून घेते, आणि कळतं तेव्हा अर्ध्या कुंपणाचं भेंडोळं तयार असतं. मग पीटीओ (इंजिनाची ताकद कटरपर्यंत नेणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात आणि वाट बघणं. ताकद तोडली तरी पाती आपल्याच जोरावर बराच वेळ फिरत राहतात. ती थांबली की कटर उचलून खाली भक्कम ठोकळे लावायचे, कारण नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याच्याखाली शिरणाऱ्याला माझ्याकडून आगाऊ श्रद्धांजली. त्यानंतर पाठीवर पडून पक्कड चालवायची. हे काम बसून होत नाही, हे मामांना अजून कळवलेलं नाही.

पाती बघून पाहुण्यांची निराशा होते. "ही तर बोथट!" बोथटच असतात. जाड लोखंड, बिजागरीसारखं सैल अडकवलेलं, म्हणजे दगडाला लागलं की मागे सरकतं. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, गिअरबॉक्स ते आणखी वाढवतो, आणि पात्याचं टोक ताशी 200 किलोमीटरच्या वर पळतं. त्या वेगाला धार कशाला लागते? ते झुडूप कापत नाही, बडवतं. सापडला तर दगडही बडवतं, आणि तो दगड शंभर मीटर लांब जाऊ शकतो.

एवढं माहीत असूनही मामा खुर्ची घेऊन आले.

"मामा, मागे व्हा."

"किती?"

"शंभर मीटर. खरं तर त्याहून जास्त."

"मग मला दिसणार काय?"

"उद्याचा दिवस."

मामा खुर्चीसकट घरात गेले आणि आठवडाभर बोलले नाहीत.

गवताचा सूड मात्र शांतपणे चालतो. वाळलेलं बी उडून रेडिएटरच्या जाळीत बसतं, हवा अडते, आणि तापमानाचा काटा वर सरकू लागतो. मग थांबून जाळी झाडायची. जाळी साफ होते, बी माझ्या सदऱ्यात येतं.

कापायला सुरुवात कुठून करायची, यावर घराघरांत मतभेद असतात. कडेकडेने आत येणं सुबक दिसतं, पण ससे आणि पक्षी मधल्या उरल्यासुरल्या गवतात कोंडले जातात. म्हणून मी मधून बाहेर जातो. घरटं दिसलं तर भोवती गवताचं बेट सोडतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, याचं डिझेल संपलं. वाटू दे. आणि उतारावर मी आडवा जात नाही, सरळ वर आणि सरळ खाली, सीटचा पट्टा बांधून. तिथे मला विनोद सुचत नाही.

शेवटी रान सपाट होतं. माजलेलं रान पहिल्याच फेरीत तळापर्यंत उतरवायला गेलं तर यंत्र रडतं, म्हणून पहिली कापणी उंच. चार लोक येऊन "छान झालं हो" म्हणतात, आणि एवढ्यात ट्रॅक्टर धुवायला हरकत नाही असं वाटतं. पण कटर मागे, चाकं पुढे. चाकांनी जे गवत आडवं केलं, त्याच्यावरून पाती नुसती फिरून गेलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठून उभं राहतं. कुरणभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन-दोन ओळी, अगदी समांतर. मग आपण गुमान ग्रीसगन शोधायची, खिशातले बोल्ट मोजायचे आणि आता उलट्या दिशेने निघायचं.