झारा उतरवून घेतला

आमच्याकडे लॅपटॉपला कोणी लॅपटॉप म्हणत नाही, ‘तो डबा’ म्हणतात. 2016 च्या धनत्रयोदशीला घेतला तेव्हा हिनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. त्यातलं थोडं कुंकू ‘एस’च्या बटणाखाली आजही आहे आणि पावसाळ्यात ते बटण अडकतं. बॅटरी केव्हाच गेली. वायर लावली तर जिवंत, निघाली तर खलास. तरी सोसायटीचा हिशेब, विजेचं बिल आणि रात्रीची जुनी गाणी एवढा माझा संसार त्यावर बिनबोभाट चालला होता.

मग 14 ऑक्टोबर 2025 उजाडला. त्या दिवशी विंडोज 10 चं सपोर्ट संपलं, म्हणजे सुरक्षेचे फुकटचे अपडेट बंद. विंडोज 11 घ्यावी तर तिला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते, शिवाय प्रोसेसर त्यांच्या यादीतला लागतो. आमच्या डब्याचा प्रोसेसर यादीत नव्हता. (यादीत नाव न सापडण्याची मला सवय आहे, मी दर निवडणुकीला मतदानाला जातो.) वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती म्हणे, पण वाढीव मुदतीत कामं कशी होतात ते आमच्या घरासमोरचा खोदलेला रस्ता मला रोज दाखवतो.

त्यात दिवाळीची सफाई. हिनं डबा भंगाराच्या ढिगात नेऊन ठेवला, फुटकी बादली आणि बिनाकानाची कढई यांच्या मधोमध. मी तो गुपचूप उचलला आणि नागपुरात बर्डीवर एका दुकानात नेला. दुकानदारानं न उघडताच निदान केलं, “भाऊ, नवा घेऊन टाका.” माझा चेहरा पाहून आवाज खाली आणला, “नाहीतर पाचशे द्या, यातच इलेव्हन टाकून देतो. कोणाले काही समजत नाही.”

कोणाले समजत नाही, यालाच तर मी भीत होतो.

रात्री भाच्याला फोन लावला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे सर्वज्ञ आहे. “मामा, विंडोजच्या जागी लिनक्स टाका ना. फुकट आहे.” फुकट म्हटल्यावर अस्सल नागपूरकर आधी पिशवी काढतो आणि मग विचारतो, काय आहे? मीही तसाच हो म्हणून बसलो. मग विचारलं, “कोणतं टाकू?”

हा प्रश्न मी विचारायला नको होता.

कारण लिनक्स नावाची एक वस्तूच नाही. तिचे शेकड्यानं प्रकार आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात, आणि प्रत्येक डिस्ट्रोमागे एक तरी माणूस असा असतो की बाकीच्या सगळ्या डिस्ट्रो वापरणाऱ्यांची त्याला मनापासून कीव येते. भाचा आर्चवाला. आर्चमध्ये म्हणे सगळं आपल्या हातानं बसवायचं असतं आणि नवी आवृत्ती अशी काही नसते, रोजच थोडं थोडं नवं येत राहतं. “त्यात शिकायला मिळते, मामा.” आता छप्पन्नाव्या वर्षी मला शिकायचं नव्हतं बाप्पा, विजेचं बिल भरायचं होतं.

सकाळी फिरून आल्यावर आमची मंडळी तर्री पोहे खायला थांबते. तिथे मी विषय काढला. एक मित्र बँकेतून निवृत्त झालेला आहे, पण मुलगा पुण्याला आयटीत असल्यानं त्यालाही आयटीतलं सगळं कळतं. “अबे, उबुंटू टाक, उबुंटू! चोवीस पॉइंट शून्य चार.”

“ही एक्स्पायरी डेट का?” दुसऱ्यानं विचारलं.

“जन्मतारीख हाये ते! 2024 चा एप्रिल.”

तिसरा फेडोरावर अडून बसला. कारण विचारलं तर म्हणाला, नाव चांगलं आहे. चण्याची तर्री निवत चालली, वरचा लाल तवंग थिजला आणि ज्या तिघांच्या घरी लिनक्स नव्हतं ते लिनक्सवरून हातघाईवर आले. शेवटी पोहेवाल्यानं प्लेटा मागितल्या.

मग मी स्वतः अभ्यासाला लागलो. डेबियन हे सगळ्यात जुन्या घराण्यांपैकी एक, 1993 चं. इयान मर्डॉक नावाच्या माणसानं काढलं आणि तेव्हाच्या प्रेयसीचं डेब्रा हे नाव आधी, आपलं इयान मागून, असं जोडून नाव ठेवलं. ही गोष्ट मी हिला चकल्या पाडताना मोठ्या कौतुकानं सांगितली. चकलीचा सोऱ्या जागच्या जागी थांबला. “आणि तुम्ही? स्कूटरवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहून आणलं होतं.” डेबियनचा विचार मी तिथल्या तिथे सोडला.

चार दिवस झाले. रात्री एकला उठून मी पडद्यांची चित्रं पाहायचो. लिनक्सच्या पडद्याचेही वेगवेगळे साज असतात. गनोम की केडीई? एक्सएफसीई हलकं, पण दिसायला जरा सरकारी. हिला वाटलं, मला काहीतरी वेगळाच नाद लागला. तीन वेळा पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन पाहून गेली. पडद्यावर दर वेळी लिनक्सचा पेंग्विन.

सुटका केली ती कूलरवाल्यानं. थंडीआधी कूलरची मोटर काढून आत ठेवायला तो दरवर्षी येतो. यंदा त्यानं जाळी उघडली, वाळून कोळसा झालेल्या ताट्या खाली टाकल्या आणि मी रिकामटेकडा बाजूला उभा होतो म्हणून विचारलं, “हा आपला कूलर नेमका कोणत्या कंपनीचा हो?”

तो हसला. “कंपनी कायची, साहेब? खोका इतवारीतला. मोटर अलग. पंप मीच दोन सालाआधी बदलला. ताट्या तर तुम्ही हर साल नव्या टाकता.” मग पान्यानं पंख्याचा नट सोडवत म्हणाला, “हवा लागते ना? मग झालं तर.”

मी तिथल्या पायरीवरच बसलो. भाच्यानं दोन तास डोकं खाऊन जे मला समजलं नव्हतं ते या माणसानं एका नटात सांगितलं. लिनक्स म्हणजे नुसती मोटर! ती हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं 1991 साली घरी बसून बनवायला घेतली. हा आपला निव्वळ छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असं त्यानं तेव्हा कळवूनही टाकलं होतं. खोका, जाळी, पंप, ताट्या ज्यानं त्यानं आपापल्या लावल्या, त्याच या डिस्ट्रो. सगळ्यांच्या पोटात एकच मोटर घरघरते आणि आपण खोक्याच्या रंगावरून तर्री थंड करतो.

त्याच संध्याकाळी मिंट नावाची डिस्ट्रो ठरवली, सिनॅमन नावाच्या पडद्याची. दिसायला जुन्या विंडोजसारखी, खाली डाव्या कोपऱ्यात बटण, म्हणजे हाताची सवय मोडायला नको. आई उबुंटू, आजी डेबियन, खानदान चांगलं. या मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं आणि शेवटी ‘आ’. तेव्हा चालू होती 22.2, नाव झारा. मी भाच्याला फोनवर सांगत होतो, “पुदिना घेतो, दालचिनीवाला. झारा उतरवून घेतला आहे, जवळपास तीन जीबीचा.”

आतून आवाज आला, “झारा कढईपाशीच आहे! कशाला उतरवला?”

पेनड्राइव्ह तयार केला. आमचा डबा सुरू होताना एफ 12 दाबलं की तो पेनड्राइव्हवरून उठतो आणि डिस्कला हात न लावता नुसतं चालवून पाहता येतं. ही सोय मला फार आवडली. चाखून पाहून घेण्याची मुभा आम्हाला संत्रा बर्फीच्या दुकानातसुद्धा एकाच तुकड्याची मिळते. सोसायटीच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढल्या आणि शेवटी तो प्रश्न आला, डिस्क पुसून टाकू का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापिडा नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यामागे ओरडतो तसा मी मनात ओरडलो, व्हायरस, अपडेट, घेऊन जा गे मारबत! आणि बटण दाबलं.

मारबत घेऊन गेली. ऐंशी टक्के झाले आणि हिनं मिक्सर लावला. गीझर आधीच सुरू होता. खट्! अख्ख्या घराची लाइन गेली आणि बिनाबॅटरीच्या डब्यानं जागेवर प्राण सोडला. आता त्यात विंडोजही नव्हती आणि लिनक्सही नव्हतं.

“काय झालं?” हिनं अंधारातून विचारलं.

“काही नाही. अनारशाचं पीठ झालं का?”

पुन्हा केलं तर वीस मिनिटांत झालं. वायफाय मात्र दिसेना. वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा होता आणि इंटरनेट वायफायवरून येणार होतं. शेवटी मोबाइल वायरनं जोडून त्याचं नेट दिलं. मग त्या काळ्या खिडकीनं, टर्मिनलनं, पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, पडद्यावर चांदण्या उमटतायत, पण दर वेळी उत्तर एकच, पासवर्ड चूक. बटणं जोरात दाबली, कुंकवाचं ‘एस’ नखानं उचकून पाहिलं, कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून चकलीचा तुकडा पडला. अर्ध्या तासानं भाचा म्हणाला, कॅप्स लॉक सुरू आहे का पाहा मामा. होतं. प्रिंटर? त्यानं काही न विचारता पान छापलं. याच प्रिंटरनं विंडोजवर मला दोन वेळा रडवलं होतं. सोसायटीचे 2009 चे ठराव मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडले, कारण ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात लिहिलेले होते. वाचता येत होते तेव्हाही कोणी पाळले नव्हते.

लक्ष्मीपूजनाला डबा पाटावर होता. हिनं हळदकुंकू वाहिलं, यावेळी झाकणावर.

भाऊबीजेला ताई आली, सोबत भाचा. जेवणाआधीच डबा उघडून बसला. दोन मिनिटं इकडे तिकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “मिंट टाकून राहिले मामा तुम्ही? हे तर बुढ्ढ्या लोकांचं आहे. थांबा, पुसून आर्च टाकून देतो, एका तासात होते.”

मी काही बोललो नाही. आत गेलो आणि कढईपाशी ठेवलेला झारा घेऊन आलो. लोखंडाचा.