मोफत दिलं म्हणजे फुकट गेलं?

पदोन्नतीची फाइल निघाली की ठरलेला प्रश्न: "सर, हे कुठल्या रकान्यात बसतं?" यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण. व्हिडिओ, मजकूर, चर्चा, चाचणी अशा चार भागांतल्या ई-मॉड्यूलला ५. आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने खुलं केलेलं, कुणीही सुधारून वापरावं असं पाठ्यपुस्तक? त्याला वेगळी ओळच नाही. मग छाननी समिती विचारणार, प्रकाशक कोण?

अहो, असं पुस्तक करायचं काम तरी बघा! जुन्या नोट्स कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या. युनिकोडमध्ये नेल्या की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ओळ न् ओळ तपासावी लागते. प्रत्येक आकृतीचा परवाना वेगळा. बाय-एसए (बदलून वाटा, पण याच परवान्याने) आणि बाय-एनसी-एसए (तसंच, पण व्यापारी वापर नको) आकृत्या मिसळून नवी आकृती करता येत नाही. एनडी (बदल करून वाटायला मनाई) असेल तर नुसती लेबलं मराठी करूनही वाटता येत नाही. अभ्यासक्रम बदलला की पुन्हा नवी आवृत्ती, आणि तिचे गुण शून्य.

गुण द्यायला पुरावा हवा ना? मग आवृत्त्यांची नोंद, दोन बाहेरच्या विषयतज्ज्ञांचा अभिप्राय, वापरणाऱ्या महाविद्यालयांची पत्रं, एवढं मागा. सत्रभर आठवड्याच्या दोन तासिका कमी करा. तर उत्तर मिळतं, "तुम्हाला आवड आहे ना, करा की!"

महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला नॅकची टीम येणार म्हटलं की मात्र याच मोफत पुस्तकांच्या लिंक आधी हव्यात. एक्सेलमध्ये, आज पाचच्या आत.