भेंडीच्या पाण्यावर इन्सुलिन सोडायला सांगणाऱ्यांना

‘मधुमेह नावाचा आजारच नाही, तो औषध कंपन्यांचा धंदा आहे’ असं सुरू होणारा मेसेज बरेच दिवस फिरतोय. सोसायटीच्या, भिशीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो येऊन गेला आणि मी दुर्लक्ष केलं. आता तो आईने वहिनीला पाठवलाय. माझ्या पुतणीला टाइप वन मधुमेह आहे, ती इन्सुलिनवर आहे. खाली आईची ओळ, ‘बघ गं, पोरीची सुई सुटली तर.’ आता गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: १९९७ साली साखरेची मर्यादा १४० वरून १२६ केली आणि रातोरात लोक रोगी ठरले. बारीक माणसाला मधुमेह होतच नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने किडनी जाते. इन्सुलिनचं व्यसन लागतं, एकदा घेतलं की सुटत नाही. सबब ते बंद करा, रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी प्या, ४० दिवसांत मोकळे व्हा. शेवटी एका चूर्णासाठी फोन नंबर.

आकड्याचं खरं आहे, मान्य. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या समितीने १९९७ मध्ये उपाशीपोटीची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली आणि कागदोपत्री रोगी वाढले. पण ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० ही मर्यादा आधीपासून होती, तिला कुणी हात लावला नाही. त्या तपासणीत २०० च्या वर जाणारे कितीतरी लोक उपाशीपोटी १४० च्या आत असायचे आणि निसटायचे. डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजाही १४० ची वाट बघत थांबत नाही, हे तपासण्यांत दिसलं होतं. कारणाचा हा भाग मेसेजात नाही.

बारीक माणसाचा मुद्दा पुण्यात बसून फॉरवर्ड करणाऱ्यांची मात्र कमाल आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्य याच विषयात घातलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, हा आपल्याकडचा नमुना. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना तो सापडला.

मेटफॉर्मिनचं उलटं आहे. ही गोळी शरीराबाहेर जाते किडनीवाटे, म्हणून किडनी फारच मंदावली की डॉक्टर ती बंद करतात. घरचे बघतात की गोळी चालू होती आणि किडनी गेली, आणि खापर गोळीवर फुटतं. किडनी बिघडवते ती वर्षानुवर्षं चढलेली साखर.

आता इन्सुलिन. बाकीचं सगळं एक वेळ सोडून देईन, हे नाही.

टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. इन्सुलिन नसलं की साखर रक्तात पडून राहते, शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला फळासारखा वास. घरचे म्हणतात, काहीतरी बाधलं असेल, उद्या बघू. डोस बंद झाल्यावर हे व्हायला ४० दिवस लागत नाहीत. एक-दोन दिवस पुरतात, कधी तेवढेही नाही. कुणी हा मेसेज वाचून खरंच इन्सुलिन थांबवलं असेल आणि यातलं काही दिसत असेल, तर पोराला आत्ता हॉस्पिटलात न्या.

इन्सुलिन नव्हतं तेव्हा काय होतं, तेही इतिहासात आहे. डॉक्टर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, म्हणजे थोडे महिने जास्त मिळायचे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. तो अर्क अशुद्ध होता, फार उपयोग झाला नाही. २३ तारखेपासून शुद्ध केलेला दिला आणि साखर उतरली. तो मुलगा पुढे १३ वर्षं जगला. शोध लावणाऱ्यांनी पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. (आज काही कंपन्या त्यावर किती कमावतात, हा वेगळा विषय आणि त्यावरचा राग रास्त आहे. पण त्यासाठी पोरांचा डोस कशाला थांबवायचा?)

आणि सुटत नाही म्हणे! गरोदरपणातल्या मधुमेहात बायकांना इन्सुलिन देतात, बाळंतपणानंतर बहुतेकींचं बंदही होतं. टाइप टूमध्ये, म्हणजे बहुतेकांना असतो त्या मधुमेहात, लवकर आणि भरपूर वजन उतरवलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काहींच्या गोळ्या सुटतात, हेही खरं. त्या बातमीचा टाइप वनच्या मुलीशी काडीचा संबंध नाही.

भेंडीची भाजी करा, चांगली लागते.

राहिला तो फोन नंबर. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. मेसेज डिलीट करण्याआधी नंबरासकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.