पागडी किती घेतलीस?

आमच्या मामांनी आयुष्यात कुठलीही जागा सोडलेली नाही. गिरगावातल्या खोलीची भाडेपावती अजून आजोबांच्या नावाने फाटते आणि मामांना त्यात काही वावगं वाटत नाही. आजोबा वारले असले तरी भाडं वेळच्या वेळी भरतात. अशा माणसाला सख्ख्या बहिणीने लंडनहून फोन करून सांगितलं, "अण्णा, मी माझं तीन बेडरूमचं घर देऊन टाकतेय." मामांनी तो फोन ठेवला आणि मला लावला.

"तुझ्या मावशीला डॉक्टरकडे ने."

मी नेतच होतो, पण गुडघ्यांसाठी. सगळं सुरू झालं तेही गुडघ्यांपासूनच. मावशी-काकांना हे कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं भाड्याचं घर १९७४ साली मिळालं. काका अंडरग्राउंड रेल्वेत गार्ड, मावशी पोस्टात. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा दोघं तांदळाची गोणी घेऊन न थांबता वर जात. आता काका नाहीत, मुलगा लीड्सला, मुलगी टोरांटोला, आणि दूध संपलं की मावशी दोन दिवस काळा चहा पिते, कारण खाली उतरायचं म्हणजे पुन्हा वर चढणं आलं. तिला हवं होतं तळमजल्यावरचं एका बेडरूमचं घर. शिवाय तिथून महाराष्ट्र मंडळ एका बसवर पाहिजे. मंडळ लंडनमध्ये १९३२ पासून आहे. ते आपल्याच सोयीसाठी काढलं असावं, अशी मावशीची समजूत आहे.

कौन्सिलकडे बदलीचा अर्ज करता येतो, पण त्या यादीत नाव घालणं म्हणजे नातवंडांसाठी आंब्याची कोय पुरणं. दुसरा रस्ता म्युच्युअल एक्स्चेंजचा. आपल्यासारखाच दुसरा गरजू भाडेकरू आपणच शोधायचा. त्याचं घर आपल्याला, आपलं त्याला. १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टने भाडेकरूला हा हक्कच दिलेला आहे.

मामांना हक्काशी देणंघेणं नव्हतं. "भाच्याच्या नावावर कर आणि मोकळी हो!" मामांना १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा तोंडपाठ आहे. भाडेकरू गेला की त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो, हे कलम ते रामरक्षेच्या सुरात म्हणतात. मी इथला कायदा काढून पाहिला. गंमत म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत वारसांच्या यादीत भाचा चक्क आहे! अट एवढीच, की भाडेकरू जाण्याआधीचे बारा महिने भाच्याने त्याच्यासोबत राहिलेलं असावं.

"मग आजच बॅग भर," मामा म्हणाले.

"मामा, मावशी धडधाकट आहे."

"मी कुठे काय म्हणालो? तू बॅग भर."

पण वारसा एकदाच चालतो, आणि तो वापरून झाला होता. घर दोघांच्या नावावर होतं. काका गेल्यावर मावशी राहिली, तीच कायद्याच्या हिशेबात वारसदार ठरली. "आपल्याच घरात राहिली, त्यात वारसा कसला?" मामा तडकले. या एका मुद्द्यावर मी मनातून त्यांच्या बाजूने आहे.

मग त्यांनी जुना विषय काढला. मावशीने हे घर विकत का घेतलं नाही? थॅचरबाईंच्या सरकारने १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला आणि शेजारच्या निम्म्या लोकांनी तो वापरला. काकांनी नाही. त्यांचं म्हणणं, "आज छप्पर गळलं तर कौन्सिल येते. विकत घेतलं तर मीच शिडी लावून वर जायचं." आज त्या घरांच्या किमती ऐकल्या की मावशी काकांच्या फोटोकडे बघते. फोटोला हार असतो, पण त्या दिवशी तो जरा उशिराने बदलला जातो.

अर्ज आणायला आम्ही कौन्सिलच्या काउंटरवर गेलो. काउंटरवरच्या मुलीने हसून एक फॉर्म पुढे केला. मी पेन काढलं, पण मावशीने चष्मा काढला. पोस्टात जन्म गेल्यामुळे ती छापील कागद उलटसुलट वाचल्याशिवाय सही करत नाही. फॉर्म घर बदलण्याचा नव्हताच. भाडेकरार संपवण्याच्या नोटिशीचा होता. त्यावर सही झाली असती तर चार आठवड्यांनी मावशी चाव्या देऊन फुटपाथवर आली असती आणि बदली घर कुठेच नसतं. मुलगी "सॉरी, लव्ह" म्हणाली आणि दुसरा गठ्ठा काढला.

त्या नोटिशीचं प्रकरण भलतंच गंभीर आहे. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि एकानेच रागाच्या भरात रीतसर नोटीस दिली, तरी दोघांचंही घर जातं. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९९१ मध्ये तसा निकाल दिलेला आहे. मी हे मावशीला सांगितलं.

"तुझ्या काकांना ठाऊक नव्हतं ते बरं," ती म्हणाली. जरा थांबून पुढे म्हणाली, "मलाही."

मग घर बघायला माणसं येऊ लागली. मावशीने प्रत्येकाला कांदेपोहे केले. आलेल्या माणसाला नुसतं घर दाखवून पाठवणं तिच्याच्याने होईना. एक आयरिश आजोबा पोहे दोनदा घेऊन, पायऱ्या मोजून गेले ते परत आले नाहीत. एक तरुण टीव्हीसाठी भिंत मापत बसला आणि त्याने बशी देव्हाऱ्यात ठेवली. तो तिथेच बाद. शेवटी एक बस ड्रायव्हर आणि त्याची बायको आली, तीन मुलांसह. पाचही जण एका बेडरूमच्या तळमजल्यात राहत होते. मुलांनी रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि पळायला सुरुवात केली. मावशीने बसचा नंबर विचारला. मंडळावरून जाणारी! तिथेच ठरलं.

त्यांचं घर शेजारच्या कौन्सिलचं, म्हणजे परवानग्या दोन आणि फॉर्मही दुप्पट. भाडं थकलेलं नसावं, अशी अपेक्षा असते. थकलं असेल तर आधी फेडा म्हणतात. मावशीच्या खात्यात उलट पैसे जमाच निघाले. काका दोन आठवड्यांचं भाडं आगाऊ भरून ठेवत आणि तिने ती प्रथा श्राद्धासारखी चालू ठेवली होती.

त्यानंतर तपासणीला एक इन्स्पेक्टर आला. घरात भाडेकरूने काय काय बदल केलेत ते लिहून घेणं त्याचं काम. छताला मोठा लोखंडी हूक दिसला.

"हे काय?"

"पाळण्याचा," मावशी म्हणाली. "मुलगी झाली तेव्हाचा."

"परवानगी घेतली होती?"

"मुलीची?"

इन्स्पेक्टरने काहीतरी लिहिलं. देव्हाऱ्याची फळी, मोरीत काकांनी बसवलेला जादा नळ, दाराची चौकट पोखरून लावलेली कडी, सगळं यादीत गेलं. अदलाबदलीत पहिल्याने केलेले उद्योग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात, म्हणून ड्रायव्हरला त्या हुकाखाली उभं करून "मान्य" अशी सही घेतली. बायकोने विचारलं, याला झोका टांगता येईल? मावशी एकदम खूश. इन्स्पेक्टर वर बघत राहिला.

कौन्सिलने ४२ दिवसांत हो की नाही ते सांगायचं, असं कायद्यात आहे, आणि नाही म्हणायचं तर कारणंही कायद्यात दिलेलीच चालतात. हे ऐकून मामांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. मोडकळीला आलेल्या इमारतीच्या फायलीमागे हिंडण्यात त्यांची उमेद सरली आहे. तिथे ४२ दिवसांत शिपाईसुद्धा ओळख दाखवत नाही. पण लगेच सावरून त्यांनी मुख्य प्रश्न विचारला.

"पागडी किती घेतलीस?"

मावशीने फोन माझ्याकडे दिला. मी समजावलं: अशा अदलाबदलीत पैसे घेतले-दिले, तर त्याच कारणावरून कौन्सिल घर परत मिळवायला कोर्टात जाऊ शकते.

"तीन खोल्या देऊन एक घ्यायची आणि वर एक पैसा नाही?" मामांना धाप लागली. "अरे, आमच्याकडे पागडी कायद्याने मान्य आहे!" त्यांना त्या क्षणी आपल्या देशाचा फार अभिमान वाटला असावा.

दोन्ही कौन्सिलींचा होकार आला, गॅस आणि विजेची तपासणी झाली, सह्या झाल्या आणि एका सोमवारी दोन व्हॅन एकमेकींच्या उलट दिशेने गेल्या. मावशीची नवी बेडरूम गडद जांभळी आहे. घर आहे तसं घ्यायचं असतं. रंग आवडला नाही तर ब्रश आपला.

चाव्या देताना ड्रायव्हरच्या बायकोने घरी केलेला मोठा फ्रूट केक मावशीच्या हातात ठेवला. मावशीचा चेहरा उतरला. तिने केक तसाच धरून मला कौन्सिलला फोन लावायला लावला आणि विचारलं, केक पैशांत मोजतात का? पलीकडचा माणूस बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, वरिष्ठांना विचारून कळवतो.

अजून कळवलेलं नाही. केक तर आम्ही त्याच संध्याकाळी संपवला, एक तुकडा डब्यात राखून. पुरावा म्हणून, मावशी म्हणाली.