‘पॉइंट टू-टू पिस्तूल, वर सायलेन्सर, आवाज शून्य’: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: .२२ चे (म्हणजे ०.२२ इंची गोळीचे) कोणतेही पिस्तूल घ्यावे, नळीवर सायलेन्सर फिरवून बसवावा, खास ‘सबसॉनिक’ (ध्वनीपेक्षा मंद गोळीची) काडतुसे वापरावीत. आवाज शून्य होतो, देखभाल लागत नाही, वानर-रानडुकरांचा बंदोबस्त शेजाऱ्याला पत्ता न लागता होतो, आणि अमेरिकेने सायलेन्सरवरचा कर उठवल्यामुळे बोटीवर नोकरीला असलेल्या मुलांना तो सहज आणता येतो. यात खरे एवढेच आहे की सायलेन्सरसाठी .२२ हे सोयीचे काडतूस आहे. बाकीचे मुद्दे एकेक करून पाहावे लागतात.

पहिला दावा आवाज शून्य होण्याचा. बंदुकीचा आवाज एका जागी होत नाही. नळीच्या तोंडातून दाबाखालचा तप्त वायू एकदम बाहेर फुटतो, तो पहिला. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर हवेत जो कडाका होतो, तो दुसरा. आणि पिस्तुलाचा मागे-पुढे होणारा लोखंडी भाग (सरकपट्टी किंवा बोल्ट) मागे जाऊन परत आदळतो, तो तिसरा. अमेरिकन संशोधक हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये ज्याचे पेटंट घेतले तो सायलेन्सर फक्त पहिल्या आवाजावर काम करतो: मोटारसायकलच्या सायलेन्सरप्रमाणे आतल्या पडद्यांमधून वायूला अडवत, थंड करत, सावकाश बाहेर सोडतो. .२२ च्या पिस्तुलाचा उघडा बार साधारण १५५ डेसिबलच्या आसपास असतो, आणि चांगल्या सायलेन्सरने तो ११५ ते १२० पर्यंत उतरतो. डेसिबलचे माप सरळ बेरजेचे नसल्यामुळे ही घट प्रचंड आहे. अशा क्षणिक आवाजासाठी धोक्याची मर्यादा म्हणून १४० डेसिबल धरतात, म्हणजे कान वाचतात. पण ११५ म्हणजे शून्य नव्हे. उलट पहिला आवाज दबल्यामुळे तिसरा स्पष्ट ऐकू येऊ लागतो, आणि लोखंड आपटल्याची ती कोरडी खटखट शांत वाडीत पलीकडच्या अंगणापर्यंत सहज पोचते. शिवाय पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा मोठ्याने वाजते, कारण सायलेन्सरच्या पोकळीत तोवर साधी हवा असते आणि तिच्यातल्या प्राणवायूवर उरलेली दारू पेटते. चित्रपटात ऐकू येणारी ‘फुस्स’ ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तयार होते.

‘कोणतेही पिस्तूल चालते’ हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण खरी निवड इथेच असते आणि मजकूर नेमका इथे घाईने पुढे जातो. नळीच्या तोंडाशी आटे असावे लागतात आणि ते नळीच्या छिद्राशी अगदी समाक्ष असावे लागतात. केसभर तिरके असले तरी गोळी आतल्या पडद्यांना घासते आणि सायलेन्सर फुटतो. अमेरिकेत .२२ साठी रूढ आटे अर्ध्या इंचाचे, इंचाला २८ फेऱ्यांचे आहेत. वाल्थर पी-२२ सारख्या लहान पिस्तुलाच्या नळीवर मात्र बारीक मिलिमीटरी आटे येतात, त्यासाठी मध्ये वेगळा जोड लागतो आणि प्रत्येक जोड म्हणजे सैल होण्याची एक जागा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट रचनेची. ९ मिलिमीटरच्या बहुतेक पिस्तुलांत नळी स्वतः मागे झुकते, म्हणून तिच्यावर लटकलेल्या वजनासाठी सायलेन्सरमध्ये वेगळी स्प्रिंग-यंत्रणा बसवावी लागते. .२२ ची बहुतेक पिस्तुले साध्या ‘ब्लोबॅक’ पद्धतीची (बाराच्या धक्क्यानेच मागचा भाग सरकणारी) असतात आणि त्यांची नळी जागची हलत नाही, त्यामुळे ही कटकट नसते. रूगर मार्क-४ किंवा ब्राउनिंग बकमार्क जवळून पाहिले तर नळी सांगाड्यालाच घट्ट जोडलेली दिसते. मार्क-४ मध्ये फक्त आतला लहान बोल्ट मागे-पुढे होतो, बकमार्कमध्ये नळीमागची आखूड सरकपट्टी. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा सायलेन्सर तिथे नेमाला त्रास देत नाही. सायलेन्सर लावायचाच असेल तर माझे मत स्पष्टपणे या जातीच्या पिस्तुलांच्या बाजूने आहे. लांब सरकपट्टीची हलकी पिस्तुलेही चालतात, पण सायलेन्सरमुळे मागचा दाब वाढून सरकपट्टी अधिक जोरात मागे येते आणि वायूचा धूर नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो, ही तक्रार त्यांच्याबाबत जास्त असते.

मजकुरात आपल्या आयुध कारखान्याच्या ‘निडर’चेही नाव घेतले आहे. निडर .२२ चे असले तरी ते रिव्हॉल्व्हर आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट असते, बार झाला की वायू तिथूनच बाहेर फुटतो, आणि नळीच्या टोकाला काहीही लावले तरी त्याला अडवता येत नाही. चक्र पुढे सरकून ती फट मिटवणारे १८९५ चे रशियन नागां रिव्हॉल्व्हर हा अपवाद आहे, पण त्याचा निडरशी संबंध नाही.

‘सबसॉनिक’ काडतुसांचा आग्रह रायफलीच्या अनुभवावरून उचललेला दिसतो. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) वेगवान .२२ गोळी रायफलीच्या लांब नळीतून सेकंदाला सुमारे ३८० मीटर वेगाने निघते आणि हवेत कडाका करते. तीच गोळी पिस्तुलाच्या साडेचार इंची नळीतून साधारण ३०५ ते ३२० मीटरच वेग घेते. ध्वनीचा वेग ० अंशाला ३३१ मीटर आणि ३२ अंशाला सुमारे ३५१ मीटर असतो. म्हणजे कोकणच्या उन्हाळ्यात तर पिस्तुलातून साध्या काडतुसानेही कडाका होण्याची शक्यता जवळजवळ नसते. मंद काडतुसाने उलट एक अडचण येते: धक्का कमी पडून रिकामे काडतूस बाहेर पडत नाही आणि पिस्तूल अडकते. पिस्तुलासाठी साध्या वेगाची, ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ची काडतुसे पुरतात.

देखभाल लागत नाही हे वाक्य तर सरळ उलटे आहे. .२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची, मेण लावलेली असते, आणि आखूड नळीत दारू पुरती जळत नाही. काहीशे बार झाल्यावर सायलेन्सर उघडला तर पडद्यांवर करड्या शिशाचा थर असा चिकटलेला असतो की ते हाताने निघत नाहीत, लाकडी दांड्याने ठोकून बाहेर काढावे लागतात. म्हणूनच .२२ साठी पूर्ण खोलता येणारा सायलेन्सरच घेतात. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात भाग बुडवण्याची युक्ती मजकुराखाली कोणीतरी जोडली आहे. त्यातून लेड ॲसिटेट तयार होते, ते विष आहे, कातडीतूनही शरीरात जाऊ शकते आणि विहिरीशेजारच्या मोरीत ओतायची तर ती वस्तू मुळीच नव्हे.

आता बागेचा मुद्दा. पिस्तुलातून निघालेल्या .२२ गोळीची ऊर्जा जेमतेम १०० ते १३० जूल असते. तेवढ्यात रानडुक्कर मरत नाही, जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी काजू वेचायला गेलेल्या बाईच्या अंगावर येते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, हे वेगळेच. काडतुसांच्या डब्यावर गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते अशी सूचना छापलेली असते. जांभ्याच्या गडग्यावरून उसळणारे शिसे आणि झाडीत दडलेली घरे असा आपला मुलूख आहे. आणि वानरांना पळवायचे तर आवाज हेच औषध आहे. राखणदार बार काढतो तो टोळी उठावी आणि पुढच्या बागेतला माणूस सावध व्हावा म्हणून. तिथे आवाज दाबून काय साधणार, हे मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

राहिली अमेरिकेची गोष्ट. तिथे १९३४ च्या कायद्याने लावलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला हे खरे आहे. नोंदणी, बोटांचे ठसे आणि चौकशी मात्र तशीच आहे, आणि सरकारच्या परवानगीशिवाय सायलेन्सर देशाबाहेर नेणे हा तिथेही गुन्हा आहे. इकडे शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत, बंदुकीचा आवाज किंवा झोत कमी करणारी साधने प्रतिबंधित शस्त्रांच्या बरोबरीने पहिल्याच वर्गात घातलेली आहेत; ती सामानात सापडली तर ‘सुटा भाग आहे’ ही सबब चालत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी ज्या हत्याराचा उल्लेख आहे ते ठासणीची बंदूक आहे, आणि त्या परवान्यावर पिस्तूल चढत नाही.