इराण अणुकरार: तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: ओबामांनी २०१५ च्या करारात इराणला १५० अब्ज डॉलर रोख दिले, त्या पैशावर इराणने गुपचूप बॉम्बची तयारी केली आणि शेवटी प्रश्न मिटला तो २०२५ च्या हल्ल्यांनीच. म्हणजे अशा देशाशी बोलणी करणं व्यर्थ.

करार थोडक्यात असा होता: इराणने अणुकार्यक्रमावर मर्यादा पाळायच्या, बदल्यात त्याच्यावरचे निर्बंध उठायचे. आधी पैशाचं बघू. ते पैसे इराणचेच होते. निर्बंधांमुळे परदेशी बँकांत अडकलेले, तेलाच्या विक्रीचे. त्यात भारताकडचं तेलाचं थकीत देणंही होतं. प्रत्यक्ष हाती येईल अशी रक्कम ५० अब्जांच्या आसपास असल्याचं अमेरिकेचे तेव्हाचे अर्थमंत्री जॅक ल्यू यांनी सांगितलं होतं. विमानाने नोटा गेल्या हे खरं, पण तो हिशेब वेगळा आणि १.७ अब्ज डॉलरचा. इराणचा राजा शहा याच्या काळात अमेरिकेकडून शस्त्रं घेण्यासाठी भरलेले ४० कोटी आणि त्यावरचं व्याज. १९७९ च्या क्रांतीनंतर ती शस्त्रं इराणला मिळालीच नाहीत.

'गुपचूप' हा शब्द मात्र सरळ खोटा आहे. करारानुसार युरेनियम ३.६७ टक्क्यांपर्यंतच समृद्ध करायचं होतं (समृद्ध करणं म्हणजे त्यातला विखंडनक्षम भाग वाढवणं; बॉम्बसाठी तो साधारण ९० टक्के लागतो) आणि साठा ३०० किलोवर न्यायचा नव्हता. सुमारे ११ टन समृद्ध युरेनियम डिसेंबर २०१५ मध्ये जहाजाने रशियाला गेला. जड पाण्यावर चालणाऱ्या आराकच्या अणुभट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतलं. नतान्झच्या समृद्धी केंद्रात युरेनियम वायूच्या नळ्यांवर बसवलेली यंत्रं समृद्धीचा टक्का सतत नोंदवत होती. जड पाण्याची मर्यादा दोनदा किंचित ओलांडली गेली, तीही आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) निरीक्षकांनी लगेच पकडली. खुद्द ट्रम्प सरकारने २०१७ मध्ये दोन वेळा, इराण करार पाळतो आहे, असं अमेरिकी संसदेला कळवलं होतं.

मग करार मोडला कोणी? ८ मे २०१८ रोजी अमेरिका बाहेर पडली. इराणने त्यानंतर वर्षभर मर्यादा पाळल्या. २०१९ च्या जुलैत साठा ३०० किलोपार गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये समृद्धी ६० टक्क्यांवर पोहोचली. याची जबाबदारी इराणचीच आहे, ६० टक्क्यांचं समर्थन होऊच शकत नाही. पण तारखांचा क्रम उलटा सांगून चालणार नाही. आपल्यालाही याची झळ बसली: मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंधांतून दिलेली सवलत संपली आणि भारताला इराणचं तेल थांबवावं लागलं.

करारात उणिवा होत्या. क्षेपणास्त्रं त्यात नव्हती, काही बंधनं १० ते १५ वर्षांत संपणार होती. या टीकेत तथ्य आहे. पण मुदत वाढवून घ्यायला बोलणीच करावी लागली असती.

उरला हल्ल्यांचा मुद्दा, आणि तो सगळ्यात गंभीर आहे. जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने, मग अमेरिकेने बॉम्ब टाकले. नतान्झ आणि फोर्दो या समृद्धी केंद्रांचं मोठं नुकसान झालं यात वाद नाही. पण त्या वेळी इराणकडे ६० टक्क्यांचं सुमारे ४४० किलो युरेनियम होतं, आणखी समृद्ध केलं तर साधारण १० बॉम्बना पुरेल इतकं. जुलैत इराणने आयएईएशी सहकार्य स्थगित केलं. नोव्हेंबरपर्यंतही निरीक्षकांना तो साठा तपासता आला नव्हता. करार चालू असताना ३०० किलोंच्या मर्यादेतल्या मालाचा पक्का हिशेब आयएईएच्या व्हिएन्नातल्या मुख्यालयात असायचा. हल्ल्यांनंतर कितीतरी जास्त धोकादायक ४४० किलोंचा ठावठिकाणा कुणालाच खात्रीने सांगता येईना. याला प्रश्न मिटणं म्हणत नाहीत.